पराटीत तुरीचा ल्यूर

नयन : हे लिहिनारच नोतो मी. खरं सांगतो तारिक. टायपलं, मिटवलं. पुन्हा टायपलं, पुन्हा मिटवलं. आता गावच्या ग्रुपवर टाकतो अन मोकळा होतो. आयक, वाचून दाखवतो.

तारिक : थांब. पहिले तो पाना दे इकडं, जाधवच्या जीपचं ब्रेक कसू दे. तो नाही बे, त्याच्या बाजूचा. हां. आता बोल.

नयन : "गावातल्या समद्या शेतकऱ्याइले सांगतो का, आपल्या वावरात मी लावलेल्या ट्रॅपमधी चूक होती. गुलाबी बोंडअळी नाही असं मी बोललो होतो. ते खोटं निंघालं. अळी आहे. लई आहे."

तारिक : बस?

नयन : अजून लिहून राह्यलो. तुकड्यातुकड्यानं सुचते. एक ओळ लिहिली का अंगठाच चालत नाही.

तारिक : तं नको चालवू. पाठवू नको ते.

नयन : काहून?

तारिक : पाठवू नको म्हटलं ना यार. दिवाळी होऊ दे.

नयन : दिवाळीपरेंत बोंडात सरकी तरी राहीन का? तू आयकून तं घे काय झालं ते.

तारिक : दसऱ्याले तर तूच चौकात उभा राहून सांगे, गुलाबीचा एक पतंग नाही म्हणून. सारं गाव तुले सायंटिस म्हणून राह्यलं. नानाजीनं चहा पाजला तुले. नानाजीनं! ज्यानं आपल्या जावयाले पानी नाही इचारलं कधी.

नयन : तोच चहा गळ्यात अडकला लेका. झरी जामणीले मामाकडं गेलतो ना मी. त्याच्या पराटीचं, कपाशीचं बियानं तेच, पेरनी बी आपल्याच संग. अन त्याच्या ट्रॅपची पिशवी पाह्यली तं गच्च. बारके, राखाडी पतंग. मंग माह्या डोक्यात किडा शिरला. त्याच्याकडं आहे तं आपल्याकडं काहून नाही? मामाचा एक ल्यूर खिशात घालून आनला.

तारिक : ल्यूर मंजे ते रबराचं टोपन?

नयन : तेच. त्याले पतंगाच्या मादीचा वास लावलेला राह्यते. नर वासामागं येते अन खालच्या पिशवीत पडते. काल सांजेले गनीचाचाच्या वावरात माह्या ट्रॅपच्या बाजूले दुसरा ट्रॅप ठोकला, त्याच्यात मामाचा ल्यूर.

तारिक : अब्बाच्या वावरात? अब्बाले सांगून?

नयन : नाही ना. बांधाच्या जवळ पडते म्हणून तिथं लावला. आज उजाडता गेलो. माह्या ट्रॅपमधी नेहमीसारखेच, दोन मोठे बदामी पतंग. अन बाजूची पिशवी हालून राह्यली होती.

तारिक : वारा असन.

नयन : वारा नोता. पराटीचं पान हालत नोतं तारिक. पिशवी एकटीच हालून राह्यली होती. हात लावला तं आतून फडफड, जसं काई कोनी आतून हातच धरून राह्यलं. एका रातीतले होते ते सारे.

तारिक : अबे, भर दुपारी असं नको बोलू. मंग तुह्या ट्रॅपले काय धाड भरली होती?

नयन : ट्रॅपले काई नाही. ल्यूर तुरीचा होता.

तारिक : काय?

नयन : मागच्या हिवाळ्यात तुरीवर हिरवी अळी आलती. तवाचे ल्यूर उरले होते. आईनं चहाच्या डब्यात ठेवून देले. औंदा तेच काढले अन पराटीत लावले. मले वाटलं वास मंजे वास, पतंग मंजे पतंग. जो असन तो येइन.

तारिक : अन कोनीच आलं नाही.

नयन : आले ना! तेच तं झालं. तुरीचे मोठे पतंग आले. एखाददुसरा रोज पडे. ट्रॅप रिकामा राह्यला असता तं मले शंका तरी आली असती. मी म्हटलं, मोठे येऊन राह्यले मंजे ट्रॅप चालू आहे, बारके नाही मंजे गुलाबी नाही. हिशोब किती बरोबर वाटला मले!

तारिक : पन मले एक सांग. वास तं वासच राह्यते. डिझल सांडलं का मले बी येते, त्या कुत्र्याले बी येते.

नयन : हे तसं नाही. ती क्लचची तार दे जुनी. हे पाह्य, दोन तुकडे केले. सारख्याच लांबीचे. समज मण्याची माळ आहे. दोन्हीत मनी सोळा. कार्बन म्हनतेत त्या मण्याले. आता हा तुकडा एकाच जागी वाकवला. हा तुरीच्या पतंगाचा वास. अन हा दुसरा दोन जागी वाकवला, शेपटीले अजून एक गाठ मारली. हा गुलाबीचा.

तारिक : बस एवढाच फरक?

नयन : एवढाच. पतंगाच्या मिशीत बारक्या खाचा राह्यतेत. ह्या आकाराची माळ त्या खाचेत बसली तं नर वेडा होते, रानोरान धुंडते. नाही बसली तं त्याच्यासाठी हवा कोरी. माहा ल्यूर रोज रातभर वावरात वरडत होता अन गुलाबीचे नर त्याच्या अंगावरून उडून जात होते. त्याइले काई आयकूच येत नोतं.

तारिक : आट्यासारखं झालं मंग. बोल्ट त्याच मापाचा, नट बी त्याच मापाचा, पन आटे बारीक-जाड. दोन फेरे जाते अन अडकते.

नयन : तू तं हातोडीनं ठोकून बी बसवशीन. इथं ठोकता येत नाही.

तारिक : पन आपली पराटी बीटी आहे ना बे? अळी मरते म्हणून तं ते बियानं घेते सारे.

नयन : मरे. पराटीतलं जहर अळीच्या आतड्यातल्या खाचेत बसे अन आतडं फाडे. आता अळीनं खाचच बदलली. जहर तेच आहे, पोटात बी जाते, पन बसाले जागा नाही. गेलं तसं बाहेर. ते तिले आता नुसता पाला आहे.

तारिक : तं सारं गाव गेलं.

नयन : म्हणून तं म्हनतो पाठवू दे. आज सांगतलं तं निदान डोमकळ्या, अळीनं आतून बांधलेली फुलं, तोडतीन. किडकं बोंड येचून जाळतीन. जे फुटलं ते उचलून घरात घेतीन. अळी बोंडात शिरली का वरून फवारा तिले लागतच नाही.

तारिक : असं लिहिलं तू?

नयन : लिहिन ना.

तारिक : तुले वाटते कोनी तिथपरेंत वाचन? 'अळी आहे' एवढं वाचलं का सारे दुकानात पळतीन. दुकानवाला दोन औषधं देइन, हे एकात घोटतीन. पराटी औंदा डोक्याच्या वर गेली. आत मानूस शिरला का दिसत नाही, फवारा सारा त्याच्याच तोंडावर. तिकडच्या गावात किती जन पडले, पाह्यलं ना तू? दवाखान्यात खालती गाद्या टाकल्या.

नयन : पाह्यलं.

तारिक : टायरच्या मागं पाह्य. काय आहे?

नयन : पंप आहे. गनीचाचाचा. हा अजून झाला नाही का? पोळ्यापासून पाहून राह्यलो.

तारिक : कधीचाच झाला. एक वायसर होतं फक्त. अब्बा आला का रोज सांगतो, वायसर नागपूरहून येऊन राह्यलं.

नयन : तू मुद्दाम...

तारिक : पोळ्याच्या आधी अब्बा फवारा मारून आला अन अंगनात पडला. तोंडातून फेस. हातपाय असे तडतड उडे, जसं करंट लागला. अम्मी नुसती त्याचे पाय धरून बसली. डाक्टरनं वाचवलं. जाताना म्हणे, पुन्हा फवाऱ्याजवळ गेले तं माह्याकडं आनू नका, सरळ कबरस्तानात न्या. अन अब्बा कसा आहे तुले माहीत आहे. अळी दिसली का तो थांबनारा मानूस आहे का?

नयन : नाही.

तारिक : तुहा ट्रॅप म्हने अळी नाही, म्हणून तो घरी बसला. तुह्या त्या खोट्या ट्रॅपवर माहा बाप जिवंत आहे नयन. म्हणून म्हनतो, नको पाठवू.

नयन : डाक्टर बरोबर बोलला. आपल्या नसेतून हातापायाले, फुप्फुसाले निरोप जाते. काम झालं का तो निरोप कापाले अंगात एक कात्री राह्यते. तिच्या तोंडात एक फट आहे, निरोपाच्या मापाची. हे औषध बरोबर त्या फटीत जाऊन बसते अन निंघत नाही. मंग निरोप कापल्याच जात नाही. घाम चालू, लाळ चालू, उड्या चालू. नव्या कात्र्या बनाले लई दिवस लागते.

तारिक : मंजे अब्बाजवळ अजून कमीच असतीन.

नयन : कमीच असतीन.

तारिक : तं मंग?

नयन : तं मंग बाकीच्याचं काय? ते उद्या-परवा बोंड फोडून पाह्यतीनच. माह्या न सांगन्यानं अळी थांबते का? तवा तं अजून घाबरून फवारतीन.

तारिक : दोन दिवस दे मले. अब्बाले मी फुफीकडं, त्याच्या बहिनीकडं, आर्णीले धाडतो. मंग टाक तुहा मेसेज.

नयन : दोन दिवसात...

तारिक : चूप. अब्बा येऊन राह्यला. फोन खिशात घाल.

अब्दुल गनी : का रे सायंटिस, इथं बसला का? तुहा बाप सदाशिवराव म्हने, पोरगं सकाळपासून जेवलं नाही.

नयन : बसा ना चाचा.

अब्दुल गनी : बसाले नाही आलो. पंप?

तारिक : वायसर नाही आलं अब्बा.

अब्दुल गनी : नागपूरहून ते वायसर पायी निंघालं असतं तरी येऊन, चहा पिऊन, वापस गेलं असतं. किती खोटं बोलशीन बापासंग? टायरच्या मागं दुरुस्त करून ठेवला. मी काय आंधळा आहो?

तारिक : तुमाले माहीत होतं?

अब्दुल गनी : पहिल्या दिवसापासून. तुही अम्मी म्हने, लेकरानं लपवला तं लपवू द्या, त्याचं मन राखा. म्हणून मी बी रोज येतो अन रोज इचारतो. नाही इचारलं तं तुले शक आला असता.

नयन : चाचा...

अब्दुल गनी : मी तुले जबान देलती ना तारिक, पंपाले हात लावनार नाही म्हणून? नाही लावला. पन बेटा नयन, तुहे उपकार आहेत माह्यावर. सकाळी वावरात गेलो तं दोन ट्रॅप. दुसऱ्याची पिशवी भरलेली, हालून राह्यली होती. मी समजलो. पोरानं चाचाले इशारा करून ठेवला.

तारिक : मंग काय केलं तुमी?

अब्दुल गनी : काय करीन? तसाच दुकानात गेलो, औषध आनलं. अन फवाऱ्याले उकंडाले लावलं, रोजीनं.

नयन : उकंडाले? आपल्या उकंडाले?

अब्दुल गनी : दुसरा कोन आहे? जवान मानूस आहे. पंप बी त्याचाच. म्हने, चाचा तुमी बांधावर बी येऊ नका, मी एकटाच पाहून घेतो.

नयन : केव्हापासून मारून राह्यला तो?

अब्दुल गनी : सकाळपासून. आता तं होत आलं असन.

नयन : काय देलं त्याले? कोनतं औषध?

अब्दुल गनी : दुकानवाल्यानं दोन देले. म्हने एकात घोटा, जोर येते. घरी पोळ्याच्या आधीचं थोडं पडलं होतं, ते बी देलं. वाया कायले घालवा?

तारिक : या अल्ला. तेच? ज्यानं तुमी पडले तेच?

अब्दुल गनी : मी पडलो ते कमजोरीनं पडलो. रोजे झाले होते, उमर झाली. उकंडाचं शरीर पाह्य. कापसाचं गाठोडं एका हातानं उचलते.

नयन : तोंडाले काई बांधलं त्यानं? अंगात शर्ट?

अब्दुल गनी : दुपट्टा होता तोंडाले. शर्ट काढून झाडाले टांगला. उकाडा किती होऊन राह्यला.

नयन : तारिक, त्याले फोन लाव. मी बी लावतो.

तारिक : लावला. वाजून राह्यला. उचलत नाही.

अब्दुल गनी : पराटीत आवाज नाही येत. अन घाबरता काहून तुमी? औषध अळीचं आहे.

नयन : चाचा, अळीच्या अंगात जी कात्री आहे, तशीच आपल्या अंगात आहे. फट त्याच मापाची. पतंगाले तुरीचा अन पराटीचा वास येगळा कळते, तो चुकत नाही. हे औषध अळी अन मानूस ओळखत नाही. जवान अन म्हातारं बी नाही ओळखत. फट दिसली का बसते.

अब्दुल गनी : मी त्याले पाठवलं बेटा. मी सोता पाठवलं.

तारिक : अब्बा, तिकडं निंघू नका. तुमी वावरात यायचं नाही. कसम आहे तुमाले अम्मीची. घरी जा, औषधाचे डब्बे असतीन ते पिशवीत घाला अन रस्त्यावर उभे राहा. डाक्टरले दाखवा लागतीन. मी जाधवची जीप काढतो, तिचं ब्रेकचं काम झालं आहे. नयन!

नयन : काय?

तारिक : तो मेसेज पाठव.

नयन : आता म्हनतो?

तारिक : आताच पाठव. पन पहिली ओळ बदल. 'कोनीच फवारा मारू नका', हे पहिले लिही. अळीचं मंग.

नयन : लिहितो... "कोनी फवारा मारू नका. वावरात असन तं बाहेर निंघा." गेला. थांब, उकंडानं फोन उचलला वाटते.

(तारिक जीप काढाले धावते. अब्दुल गनी तसेच उभे. नयनच्या कानाले फोन.)

उकंडा : हालो. कोन बोलून राह्यलं?

नयन : मी नयन. कोठी आहे तू?

उकंडा : गनीचाचाच्या वावरात. बसलो जरासा. फोन वाजे, पन बटनच दिसे ना लेका. लई येळ चाचपडलं.

नयन : पंप पाठीवर आहे का?

उकंडा : आहे ना. दोन वरी राह्यल्या. मारतो अन येतो.

नयन : एक बी ओळ नको मारू. पंप उतरव. आत्ता उतरव, फोन नको ठेवू.

उकंडा : काहून? चाचा बोंबलून राह्यला का? उतरवला, घे. नयन, एक सांग. दुपारची धुई पडते का रे?

नयन : काय?

उकंडा : साऱ्या वावरात धुई पडली. पराटी दिसते, पन पुसल्यावानी. उन्हात धुई पाह्यली नोती मी कधी.

नयन : ते धुकं नाही. तुह्या डोळ्याले झालं ते. तू उठ अन बांधावर ये. पाइपाचं पानी चालू आहे का?

उकंडा : चालू आहे. तोंडाले बी पानी सुटून राह्यलं. जसं बाजूले कोनी वडे तळून राह्यलं. थुकून थुकून परेशान झालो.

नयन : पाइपाखाली बस. सारे कपडे काढ, अंग धू. डोकं बी धू.

उकंडा : कपडे काढू? पलीकडं रुपीबाई सोयाबीन सोंगून राह्यली. काय म्हनन ते?

नयन : रुपीबाई आहे? तिले हाका मार. जोरात मार.

उकंडा : रुपीकाकू... ओ काकू... आवाज निंघत नाई रे. मांडीतलं मांस आपोआप उडून राह्यलं, पाह्य. जसं बेडूक शिरलं आत.

नयन : पुन्हा हाक मार. आमी निंघालो. तारिक जीप घेऊन आला. चाचा, सरका, मले बसू द्या. उकंडा, आयकून राह्यला ना?

उकंडा : आयकून राह्यलो. काकूनं पाह्यलं. येऊन राह्यली. इळा घेऊन येऊन राह्यली, मारते का काय मले.

नयन : तिले सांग, तुले धरलं का आपल्या तोंडाले हात नको लावू, पानी टाक फक्त. अन तू बोलत राह्य.

उकंडा : मी सकाळी चाचाले म्हटलं, नयन म्हनते अळी नाई मंजे नाई. तो पोरगा चुकत नाई. चाचा म्हने, ट्रॅप भरला. मंग खरं काय आहे रे? अळी होती का नोती?

नयन : सांगतो.

उकंडा : आता सांग ना. फोन तं चालूच आहे.

नयन : असं फोनवर नाही. तुह्यासमोर बसून सांगीन, काहीच लपवनार नाही. वचन देतो उकंडा. तू फक्त आयकाले राह्य.